धोटा आपला आपण चालला तर

"अथेन्समधे कापड कोण विणत होतं, सर?"

एवढंच मी विचारलं. हॉलमधले लोक हसले.

व्याख्यान होतं 'लोकशाहीचे तात्त्विक अधिष्ठान : पाश्चात्त्य विचार' या विषयावर. प्राध्यापक नावाजलेले, मराठी गोड, खांद्यावर शाल. दीड तासात त्यांनी अथेन्सपासून जॉन स्टुअर्ट मिलपर्यंत सगळ्यांना एका रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाच्या गळ्यात हार घातला. शेवटी म्हणाले, आपल्याकडे लोकशाही रुजत नाही कारण ज्याला चार अक्षरं वाचता येत नाहीत त्याचं मत आणि विचारवंताचं मत आपण एकाच तराजूत टाकलं. टाळ्या पडल्या. मग मी उठलो. रात्रपाळी करून आलेलो, केसात कापूस तसाच. सर म्हणाले, विषयाला धरून विचारा.

दोस्तांनो, मी विषयाला धरूनच विचारत होतो. तिथं बोलू दिलं नाही म्हणून इथं लिहितो. माझं शिक्षण नववी नापास. ही पुस्तकं मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलीत, कधी एका पानाला आठवडा लागलाय. पंडित लोक भराभर वाचतात, म्हणून त्यांना जे दिसत नाही ते हळू वाचणाऱ्याला कधीकधी दिसतं.

ॲरिस्टॉटलचं 'पॉलिटिक्स' घ्या. राज्य म्हणजे काय, नागरिक म्हणजे कोण, हे सगळं पुढं. पहिल्याच भागात तो घरातल्या हत्यारांबद्दल बोलतो. काही हत्यारं निर्जीव, काही जिवंत. गुलाम हे जिवंत हत्यार. आणि मग तो सहज बोलून जातो की मागावरचा धोटा जर आपला आपण विणायला लागला, तर कारागिराला हाताखालची माणसं नकोत आणि मालकाला गुलाम नकोत. अशा अर्थाचं. धोटा! मी पुस्तक मिटून ठेवलं आणि बाहेर जाऊन बिडी ओढली. तेवीसशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला आमचं साचेखातं दिसलं होतं की काय?

मी धोट्याच्या मागावर काम करतो. धोटा काय असतो ते लेखकांना माहीत नसेल तर सांगतो. लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडी टोक, पोटात कांडी. मिनिटाला शंभरावर फेऱ्या मारतो. कधी नेम चुकला तर मागातून उडतो आणि समोरच्याच्या तोंडावर बसतो. आमच्या खात्यात एकाचा डोळा त्यानंच गेला. तर हा धोटा. १७३३ साली जॉन के या इंग्रज माणसानं त्याला दोरी ओढून पळवलं, १७८५ साली कार्टराइटनं यंत्रमागाचं पेटंट घेतलं आणि धोटा खरोखर आपला आपण चालायला लागला. ॲरिस्टॉटलच्या हिशेबानं गुलाम त्या दिवशी मोकळा व्हायला पाहिजे होता. झालं उलटं. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस पुरेना, म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाचे मळे वाढले आणि मळ्यांवर गुलाम वाढले. ते मोकळे झाले १८६५ साली, यादवी युद्धात लाखो माणसं मेल्यावर. धोट्यानं त्यांना सोडवलं नाही.

तर अथेन्समधे कापड बायका विणत होत्या. घरच्या बायका आणि गुलाम बायका. त्यांना सभेत जागा नव्हती. बाहेरून येऊन राहिलेल्यांनाही नव्हती. गंमत अशी, की ॲरिस्टॉटल स्वतः स्टॅगिराचा, म्हणजे अथेन्सच्या दृष्टीनं उपराच. ज्या लोकशाहीचा अभ्यास त्यानं केला तिच्यात त्याला मत नव्हतं. आणि त्याचं म्हणणं काय, तर चांगल्या नगरानं हातानं काम करणाऱ्या कारागिराला नागरिक करू नये.

पण अथेन्सच्या बाबतीत सरांनी एक गोष्ट गाळली आणि तीच मला मोठी वाटते. तिथं गरीब नागरिकाला, म्हणजे चांभाराला, वल्हवणाऱ्याला, न्यायसभेत बसल्याबद्दल रोज मिळत होता. पुढं पुढं लोकसभेला हजर राहिल्याबद्दलही मिळायला लागला. खाडा पडला तरी चूल पेटायची. हे कुणी तत्त्ववेत्त्यानं सुचवलं नव्हतं, तत्त्ववेत्ते त्यावर नाकच मुरडत होते. पोटाला दिल्याशिवाय माणूस सभेला येत नाही, एवढं साधं तत्त्व. अधिष्ठान म्हणायचं तर मी याला म्हणेन.

आता एकदम इंग्लंडात जाऊ, साल १६४७. राजा हरलाय, कैदेत आहे. पार्लमेंटच्या फौजेतले शिपाई पगार थकल्यामुळे चिडलेत आणि विचारतायत, आम्ही लढलो कशासाठी? लंडनजवळ, थेम्सच्या काठी पुटनीच्या चर्चमधे ऑक्टोबरच्या अखेरीला अधिकारी आणि शिपायांचे प्रतिनिधी समोरासमोर बसले. त्यांच्या पुढ्यात लेव्हलरांचा कागद होता. लेव्हलर म्हणजे सगळं सपाट करणारे. हे नाव शत्रूंनी दिलेलं, शिवी म्हणून. आपल्यालाही अशी बरीच नावं मिळाली आहेत.

वाद एकाच गोष्टीवर पेटला: मत कुणाला? रेनबरो नावाचा कर्नल म्हणाला, ज्याला कायदा पाळावा लागतो त्याला कायदा करताना विचारलं पाहिजे, मग त्याच्या खिशात काही असो नसो. क्रॉमवेलचा जावई आयर्टन म्हणाला, ज्याची या देशात जमीन नाही, धंदा नाही, त्याचा देशाशी कायमचा संबंध काय? अशांच्या हाती मत गेलं तर उद्या ते आमची मालमत्ताच मतानं काढून घेतील. दोघेही खरं बोलत होते. आयर्टनबद्दल मला राग नाही, त्यानं भीती लपवली नाही. आजचे लोक तीच भीती 'लोकांची लायकी' म्हणून सांगतात.

पण माझं लक्ष तिसऱ्याच माणसावर अडकलं. पेटी नावाचा लेव्हलर. गरिबांच्या बाजूचा. त्याला विचारलं, मग काय नोकरांनाही मत देणार? तो म्हणाला, नाही. नोकर, उमेदवार आणि भिक्षेवर जगणारे यांना वगळू. का, तर ती माणसं दुसऱ्याच्या मर्जीवर जगतात, मालकाला दुखवायला भितील. १६४९ साली लेव्हलरांनी जो शेवटचा करारनामा छापला त्यातही नोकर आणि भिक्षेकरी बाहेरच राहिले.

पेटी लबाड नव्हता. तो म्हणतो ते आम्ही रोज बघतो. आमच्या गिरणीत पतपेढीची निवडणूक झाली. कंत्राटी पोरांना मत नाही, कारण सभासदत्व कायम कामगारालाच. त्यातल्या एका जुन्या कामगाराला मी म्हटलं, यांनाही सभासद करून घ्या. तो म्हणाला, अरे बाबा, ठेकेदार सांगेल तिथं शिक्का मारतील ती. माणूस चांगला, संपात चार महिने उपाशी राहिलेला. आणि बोलला ते पेटीचंच वाक्य. मला उत्तर सुचलं नाही. मी स्वतः कंत्राटी आहे. ठेकेदारानं सांगितलं असतं तर मी शिक्का कुठं मारला असता, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

पुटनीचं ते सगळं बोलणं एका कारकुनानं लघुलिपीत उतरवून घेतलं होतं. ते कागद ऑक्सफर्डच्या एका कॉलेजात पडून राहिले आणि छापून आले १८९१ साली. रेनबरो १६४८ सालीच मारला गेला. मे १६४९ मधे बर्फर्डच्या चर्चजवळ बंड केलेल्या तिघा शिपायांना क्रॉमवेलच्या लोकांनी भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. म्हणजे अडीचशे वर्षं लोकशाहीचे तत्त्वज्ञ लिहीत राहिले आणि शिपायांचं म्हणणं कपाटात होतं.

त्या अडीचशे वर्षांत बाप म्हणून पुजला गेला तो जॉन लॉक. १६८९ साली नाव न घालता त्यानं दोन निबंधांचं पुस्तक छापलं. राजा देवाघरून आला नाही, सरकार लोकांच्या संमतीनं उभं राहतं, आणि विश्वासघात केला तर लोक ते पाडू शकतात, हे त्यानं ठासून सांगितलं. त्याबद्दल मी त्याला सलाम करतो, उपरोधानं नव्हे. मालमत्तेवरचं पाचवं प्रकरणही सुरुवातीला मला आमच्याच माणसानं लिहिल्यासारखं वाटलं. प्रत्येकाचं शरीर त्याचं स्वतःचं. त्या शरीराचे श्रम त्याचे. म्हणून ज्या वस्तूत त्यानं श्रम मिसळले ती त्याची. मी पाळीवर एकाला हे सांगितलं तर तो म्हणाला, मग हा तागा आपला की रे!

दोन पानं पुढं जा. एका वाक्यात तिथं घोडा येतो, नोकर येतो आणि मालक येतो. घोड्यानं चरलेलं गवत, नोकरानं कापलेली ढेकळं आणि मालकानं स्वतः खणलेलं, तिन्ही मालकाच्याच खात्यावर जमा. लॉक इथं थांबत नाही, समजावत नाही. त्याला समजावण्यासारखं काही वाटलंच नाही. माझे हात माझे, पण नोकराचे हातही माझेच! ज्या श्रमावर सगळी इमारत उभी केली, त्या श्रमातून नोकर कधी गळून पडला ते वाचणाऱ्याला कळतही नाही. हा शोध माझा नव्हे. मॅक्फर्सन नावाच्या कॅनडातल्या अभ्यासकानं १९६२ साली यावर पुस्तकच लिहिलं आणि इतरांनी त्याच्याशी भांडणही केलं. भांडणारे म्हणतात, नोकरानं मजुरी घेतली, करार केला, मग ढेकळं मालकाची होणारच. ठीक. पण जमिनीची सगळी ढेकळं आधीच कुणीतरी आपली करून ठेवल्यावर जो करार होतो त्याला संमती म्हणायची का? संमती हा तर लॉकचाच शब्द.

लॉकचा पैसा रॉयल आफ्रिकन कंपनीत होता, गुलामांच्या व्यापारात. कॅरोलायना वसाहतीच्या मालकांचा तो सेक्रेटरी, आणि तिथल्या १६६९ च्या घटनेत मोकळ्या माणसाला त्याच्या काळ्या गुलामावर पूर्ण सत्ता दिली होती. हे आता बरेच जण सांगतात, मी लांबण लावत नाही. मला जास्त लागलं ते दुसरं.

१६९७. लॉक आता व्यापार मंडळाचा सभासद आहे, वर्षाला १००० पौंड पगार. गरिबांचं काय करायचं यावर तो सरकारला मसुदा लिहून देतो. गरिबी का वाढली? धान्य महाग म्हणून नव्हे, काम नाही म्हणून नव्हे, तर शिस्त ढिली झाली आणि माणसं बिघडली म्हणून. परवान्याशिवाय भीक मागणारा धडधाकट पुरुष समुद्राकाठच्या भागात सापडला तर त्याला बंदरावर सक्तमजुरीला पाठवायचं आणि मग तीन वर्षं राजाच्या जहाजावर. खोटा परवाना केला तर कान कापायचे. चौदाच्या आतलं पोर दुसऱ्या गावच्या हद्दीत भीक मागताना सापडलं तर चाबकानं चांगलं फोडायचं. आणि सरकारी मदत मागणाऱ्यांची तीन ते चौदा वर्षांची मुलं गावोगाव कामाच्या शाळेत घालायची. तिथं त्यांनी काय करायचं? लोकर कातायची, विणायचं. खायला पोटभर पाव. थंडीत वाटलंच तर पातळ गरम पेज, कारण खोली गरम करायला जाळ केलेलाच असतो, त्याच्यावरच भांडं चढेल. जळणाचा वेगळा खर्च नाही.

स्वातंत्र्याचा तत्त्वज्ञ तीन वर्षांच्या पोराच्या पेजेचं जळण मोजतोय. मी हे वाचलं तेव्हा माझ्यापुढं लॉकचं चित्र उभं राहिलं नाही, आमचा हजेरीबाबू उभा राहिला. मसुद्याचा कायदा झाला नाही. पण माणूस तोच, हात तोच. आणि व्याख्यानांत याचा शब्द नसतो.

आता मिल. जॉन स्टुअर्ट मिल. नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, आपलाच माणूस. मग कळलं की हा १८२३ ते १८५८, पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत होता. १८६१ सालच्या प्रातिनिधिक सरकारावरच्या पुस्तकात तो म्हणतो, मत सगळ्यांना, पण सारखं नको. साध्या मजुराला एक, मुकादमाला त्याहून जास्त, कारखानदाराला त्याहून, शिकलेल्या धंद्यांना आणखी. सरांचा तराजू कुठून आला ते कळलं ना? फक्त सरांनी अर्धाच आणला. मिल म्हणतो, वाचता न येणाऱ्याला मत नको, पण आधी समाजानं प्रत्येकाच्या दारात शाळा नेली पाहिजे, नंतर अट. सरांनी अट ठेवली आणि शाळा गाळली. ज्यांच्या बापजाद्यांना शाळेच्या दारात उभं केलं नाही, त्यांनाच विचारायचं की वाचता का येत नाही! बाकी मिल सरळ माणूस. १८६७ साली बायकांच्या मतासाठी पार्लमेंटात दुरुस्ती घेऊन उभा राहिला, हरला. हे मी त्याच्या खात्यावर जमा करतो.

पण मिल गुप्त मतदानाच्या विरोधात होता, हे किती जणांना माहीत आहे? त्याचं म्हणणं, मत ही जबाबदारी आहे, चारचौघांत उघड द्यावं. कुणासमोर उघड? जमीनदारासमोर, गिरणीमालकासमोर. पस्तीस वर्षं कचेरीत काढलेल्याला हे कळू नये?

इथं पेटीकडे परत येऊ. भिणाऱ्या माणसाच्या मतावर मालकाचा हात असतो. मग दोन वाटा. एक, त्याचं मतच काढून घ्या. दुसरी, मत झाकून टाका, म्हणजे मालकाला दिसणार नाही. पहिली वाट पुस्तकांतून चालत आली. दुसरी रस्त्यावरून आली. १८३८ साली इंग्लंडातल्या कामगारांनी सहा मागण्यांची सनद काढली: सज्ञान पुरुषांना मत, गुप्त मतदान, सभासदाला पगार, मालमत्तेची अट रद्द, सारखे मतदारसंघ, दरवर्षी पार्लमेंट. सभासदाला पगार! अथेन्सच्या चांभाराचा रोज परत आला. १८४२ साली ३३ लाखांहून जास्त सह्यांचा अर्ज त्यांनी पार्लमेंटात नेला, फेटाळला गेला. त्याच उन्हाळ्यात लँकेशायरच्या कापडगिरण्यांतल्या लोकांनी पगारकपातीविरुद्ध आणि सनदेसाठी संप केला, बॉयलरचे प्लग काढून वाफ सोडून दिली. धोटे थांबले. या वेळी आपले आपण नव्हेत, माणसांनी थांबवले. गुप्त मतदानाचा कायदा आला १८७२ साली. सहांपैकी पाच मागण्या पुढं मान्य झाल्या, दरवर्षीचं पार्लमेंट तेवढं राहिलं. या लोकांचं नाव दीड तासाच्या व्याख्यानात नव्हतं.

तरी गुप्त मतदानानं भीती झाकली, घालवली नाही. मतपेटीपाशी मी मोकळा, बाहेर पडलो की परत ठेकेदाराचा. हा गुंता पश्चिमेतल्या ज्या एका माणसानं हातात घेतला असं मला वाटतं तो अमेरिकेचा जॉन ड्यूई. १९१६ च्या 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' मधे तो म्हणतो की लोकशाही हा नुसता सरकारचा प्रकार नाही, एकत्र जगण्याची रीत आहे. त्याच पुस्तकात तो ॲरिस्टॉटललाही धरतो: काहींनी हातानं राबायचं आणि काहींनी मोकळ्या वेळात विचार करायचा, ही फाळणी शाळेतही उतरली. आणि तो प्लेटोची गुलामाची व्याख्या उचलतो. ज्याच्या वागण्यामागचा हेतू दुसरा कुणी ठरवतो तो गुलाम. प्लेटो, लोकशाहीचा पक्का वैरी! त्याच्या वाक्याला ड्यूईनं आजच्या कारखान्यावर आणून टेकवलं. कायद्यानं गुलामी नसली तरी, ज्या कामाचा हेतू करणाऱ्याला माहीत नाही, त्यात त्याचा वाटा नाही, ते काम गुलामीचंच.

याच ड्यूईच्या वर्गात कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब होते. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' मधे ती गुलामीची व्याख्या परत येते, पण आता ती जातीच्या धंद्याला लागू होते. कुणी काय काम करायचं ते जन्माआधीच दुसऱ्यानं ठरवलेलं. अथेन्स, न्यूयॉर्क, मुंबई असा त्या एका वाक्याचा प्रवास झाला आणि तिन्ही ठिकाणी ते वेगळ्या माणसाच्या कामाला आलं. आणि १९२८ साली, मत मालमत्तेवर आणि शिक्षणावर मोजलं जात असताना, सायमन कमिशनपुढं बाबासाहेबांनी मागितलं ते सगळ्या सज्ञान माणसांना मत. लायकीचा दाखला आधी नको. पेटीनं ज्याला दाराबाहेर ठेवलं त्या नोकरापासूनच सुरुवात.

सरांना मी दुसऱ्या दिवशी पत्र लिहिलं. लॉकच्या मसुद्याचं साल लिहिलं, ॲरिस्टॉटलचं पान लिहिलं. उत्तर नाही. येईल असं वाटतही नाही.

आमच्या खात्याच्या दुसऱ्या शेडमधे आता बिनधोट्याचे माग बसलेत. हवेच्या झोतानं बाणा पलीकडं जातो. धोटाच नाही. एक माणूस पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त माग बघतो, आणि त्या शेडमधे सगळेच कंत्राटी. पतपेढीची पुढची निवडणूक होईल तेव्हा आम्ही सभासदत्वाचा अर्ज देणार आहोत, सतरा जणांच्या सह्या झाल्यात. त्या जुन्या कामगारानंही परवा अर्ज वाचायला मागून नेला.

पुटनीच्या वादाचं मराठी करायला मी बसलोय. जुनं इंग्रजी फार अडतं. वाचकांपैकी कुणाला ते येत असेल तर संपादकांकडे कळवावं, मी रविवारी येऊन बसेन. स्टेन्सिल मी कापतो, कागदाचं बघू.